सब्र म्हणजे गप्प राहून सोसणं नव्हे

मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर जुन्या नाशकातल्या आमच्या मशिदीबाहेर मी चपला शोधत होतो. दर शुक्रवारी शोधतो, कारण कुठे काढल्या ते आठवत नाही. तेवढ्यात मोहल्ल्यातला एक मुलगा जवळ आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार विषय राहिलेत, घरी दोनच सांगितलेत. इकडेतिकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "भाई, एक बात पूछूँ? मैं आलसी हूँ के बीमार हूँ?"

मी त्याला चहाला घेऊन गेलो. उत्तर द्यायला दीड तास लागला. हाच प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारत होतो आणि उत्तर मिळालं तेव्हा मी ३३ वर्षांचा होतो. त्या मुलाला जे सांगितलं, तेच या वेळच्या संपादकीयात लिहितोय. त्याची परवानगी घेतली आहे. स्वतःबद्दल लिहिण्याची परवानगी स्वतःकडून मिळायला मात्र तीन वर्षं गेली.

हुशार आहे, पण लक्ष नाही

अब्बांचं सातपूरला वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं. घरात शिकून पुढे जाणारा मी पहिलाच. शाळेत गणित चांगलं, पण वही कधी पूर्ण नाही. डबा, कंपास, स्वेटर, सगळं हरवायचं. परीक्षेत अवघड गणित सुटायचं आणि सोप्या बेरजेत चूक व्हायची. बाई म्हणायच्या, मुद्दाम करतो. अब्बा म्हणायचे, मस्ती आहे. अम्मी म्हणायची, नजर लागली. मी म्हणायचो, उद्यापासून सुधारणार.

दहावीला ८५ टक्के पडले, ते शेवटच्या पंधरा दिवसांच्या जोरावर. इंजिनिअरिंगला तो जोर पुरला नाही. सबमिशन राहायची, केटी लागायच्या. मित्र रात्रभर अभ्यास करून झोपायचे, मी रात्रभर पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघायचो. पदवी मिळाली, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरीही मिळाली. तिथे एक गंमत लक्षात आली. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला की सगळे गोंधळायचे आणि माझं डोकं एकदम शांत व्हायचं. सलग दहा तास बसून मी चूक शोधून काढायचो. पण टाइमशीट भरणं, साध्या ईमेलला उत्तर देणं, प्रवासखर्चाचं बिल सादर करणं ही पाच मिनिटांची कामं महिनोन्‌महिने पडून राहायची. मॅनेजर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला जमतं, पण तुला करायचंच नसतं." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की मलाही ते खरं वाटायचं.

२७व्या वर्षी पहिल्यांदा कोसळलो. झोप पहाटे तीनला उडायची. अंघोळ हे डोंगराएवढं काम झालं. जेवणाची चव गेली. घरी टेन्शन म्हणाले. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, दोन्ही ठीक निघालं. एका नातेवाइकाने उपाय सुचवला, लग्न करून द्या. शेवटी एका मित्राने धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कळलं की आपण चहाची वाट बघतोय. किती दिवसांनी कशाची तरी वाट बघितली होती!

मग मी ती चूक केली जी बहुतेक जण करतात. बरं वाटायला लागलं म्हणून दोन महिन्यांनी, डॉक्टरांना न विचारता, गोळ्या बंद केल्या. हिवाळा येईपर्यंत पुन्हा तिथेच.

२०१७मध्ये अब्बा गेले. २०१८मध्ये निकाह झाला. २०२०च्या लॉकडाउनमध्ये नाशकात परत आलो आणि घरून काम सुरू झालं. ऑफिसची वेळ, लोकल मित्र, जेवणाची सुट्टी, माझ्या दिवसाला धरून ठेवणारे हे सगळे खांब एकदम गेले. या वेळचा काळोख लांबला. आपण नसलो तर घरच्यांचा त्रास कमी होईल, असं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली. त्या रात्री मी बायकोला उठवून ते सांगितलं. आजपर्यंत घेतलेल्या निर्णयांमध्ये तो सगळ्यात चांगला निर्णय होता.

ट्रंकेतली प्रगतिपुस्तकं

माझी बायको शाळेत शिकवते. वर्गातल्या विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल तिचं एक प्रशिक्षण झालं. तिथून मिळालेले कागद घेऊन ती घरी आली आणि मला वाचून दाखवू लागली. चौथ्या मुद्द्यावर थांबून म्हणाली, "अहो, हे तर तुमचंच वर्णन आहे."

पुढे तीन बैठका झाल्या. मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहानपणीची प्रगतिपुस्तकं मागितली आणि अम्मीशी बोलायचंय म्हणाल्या. मला वाटलं, प्रगतिपुस्तकं कुठली मिळायला! पण अम्मीने पत्र्याच्या ट्रंकेतून रेशन कार्डाच्या पिशवीत गुंडाळलेली सगळी काढली. चौथी ते नववी, सहा वेगवेगळ्या शिक्षकांनी जवळजवळ एकच शेरा लिहिला होता: हुशार आहे, पण लक्ष नाही. सहा जणांना दिसलं होतं. ते काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

निदान झालं: अटेंशन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे एडीएचडी, आणि सोबत वारंवार येणारं डिप्रेशन.

नावावरून वाटतं की लक्ष कमी असतं. खरं तर लक्ष असतं, त्याचा लगाम हातात नसतो. ते आवडीच्या किंवा तातडीच्या गोष्टीवर दहा दहा तास चिकटतं आणि कंटाळवाण्या पण गरजेच्या गोष्टीवर टिकत नाही. वेळेचा अंदाज चुकतो. डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवणं जमत नाही. हे जन्मतः मेंदूच्या घडणीत असतं आणि घराण्यात मोठ्या प्रमाणावर चालत येतं. अब्बांनी एकाच वेळी घेतलेली पाच अर्धवट कामं, हरवलेल्या पावत्या आणि अवघड जोडकाम मात्र एका झटक्यात करणारा त्यांचा हात मला त्या दिवशी नव्याने आठवला. त्यांना आयुष्यभर लोक बेफिकीर म्हणाले. ते ऐकून घेत गेले.

मोठेपणी निदान होण्याची कारणं आहेत. लहानपणी शिक्षकांना आणि पालकांना माहिती नसते. बराच काळ डॉक्टरही हा मुलांचाच प्रश्न मानत, वय वाढलं की जातो असा समज होता. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीत पूर्वी लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी अट होती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ती बाराव्या वर्षापर्यंत नेली आणि मोठ्यांसाठी लागणाऱ्या लक्षणांची संख्याही सहावरून पाचवर आणली. मुलींच्या बाबतीत तर आणखी उशीर होतो. बाकावर उड्या मारणारा मुलगा दिसतो, खिडकीतून बाहेर बघत बसलेली शांत मुलगी दिसत नाही. तिला कामचुकार, वेंधळी म्हणून सोडून देतात.

मल्याळम अभिनेता फहाद फासिल याने २०२४मध्ये केरळमधल्या एका कार्यक्रमात सांगितलं की त्याला एडीएचडी असल्याचं ४१व्या वर्षी कळलं. मी ती बातमी अम्मीला वाचून दाखवली. अम्मी म्हणाली, "इतना बड़ा हीरो? फिर तो तू ठीक है."

आणखी एक शब्द या मुलांसाठी वापरला जातो, न्यूरोडायव्हर्जंट. न्यूरोडायव्हर्सिटी ही कल्पना १९९०च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या लेखनातून पुढे आली. सगळे मेंदू एकाच साच्याचे नसतात, असं तिचं साधं म्हणणं. ऑटिझम, डिस्लेक्सिया, एडीएचडी हे त्या वैविध्यात येतात. डिप्रेशन मात्र वैविध्य नाही, तो आजार आहे. तो येतो, त्यावर उपचार होतात, तो ओसरतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एडीएचडी ही माझी ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि डिप्रेशन हा तिच्यावर वर्षानुवर्षं चुकीचे प्रोग्रॅम चालवल्याने वारंवार होणारा क्रॅश. वीस वर्षं रोज स्वतःला आळशी म्हणत राहिलं तर माणूस खचणारच. माझ्यावर वर्षभर फक्त क्रॅशवर उपचार झाले. मूळ कळल्यावर दोन्हींवर सुरू झाले.

इथे एक इशारा. रील बघून स्वतःचं निदान करू नका. झोप कमी असेल, रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडला असेल, दिवसाचे सहा तास मोबाइलवर जात असतील, तरी लक्ष लागत नाही. रील बघून शंका घ्या आणि निदान डॉक्टरांकडून करून घ्या.

ईमान कमी पडलं का?

आपल्या घरात या आजाराला शब्द नाही. टेन्शन आहे, नजर आहे, असर आहे, दिल घबराना आहे. डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "निराश वाटतं का?" मी नाही म्हणालो. निराशा म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर होते ती, असं माझ्या डोक्यात. मला तर काहीच वाटत नव्हतं. हे 'काहीच न वाटणं' सांगायला मला ना मराठीत शब्द सापडला, ना घरच्या बोलीत.

शब्द नसला की उपदेश येतो. नमाज पढ. शुक्र कर. तुझ्यापेक्षा वाईट हालत असलेल्यांकडे बघ. सब्र कर. सांगणारे प्रेमानेच सांगतात. पण ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं, की तुझं ईमान कमी पडलं. आजाराच्या ओझ्यावर गुन्ह्याचं ओझं चढतं. मी महिनाभर फज्रला उठू शकलो नव्हतो. त्यात हे ऐकल्यावर जोहरलाही तोंड लपवू लागलो.

आपल्या परंपरेला दुःख अनोळखी नाही. ज्या वर्षी हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले, त्या वर्षाला इतिहासात दुःखाचं वर्ष म्हणतात. हजरत याकूब यांचे डोळे मुलाच्या शोकात पांढरे पडले, हे कुरआनातच आलं आहे. त्यांचं ईमान कमी होतं असं म्हणायची कोणाची हिंमत होईल? उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवण मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. डॉक्टरकडे जाणं म्हणजे उंट बांधणं. सब्र म्हणजे उपचार न करता सोसत बसणं असं कुठेही सांगितलेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार सजदा-ए-सहवने दिला. नमाजमध्ये किती रकात झाल्या हे मी नेहमी विसरतो. लहानपणी यावरून मार खाल्ला आहे. पण विसरणाऱ्यासाठी दोन जादा सजद्यांची सोय शरीअतने पहिल्यापासून करून ठेवली आहे. माणूस विसरणार हे गृहीत धरलं आहे. शिक्षा नाही, हाकलून देणं नाही. दुरुस्त कर आणि सलाम फेर. जी सवलत नमाजमध्ये आहे, ती आपण घरात, वर्गात आणि ऑफिसात का देऊ शकत नाही?

आणि मनाच्या आजारांचा विचार ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे असं वाटत असेल, तर अबू झैद अल-बल्खी हे नाव लक्षात ठेवा. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागात जन्मलेला हा विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेला. शरीर आणि मन या दोन्हींच्या स्वास्थ्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात तो दुःखाचे दोन प्रकार करतो. एकाचं कारण माहीत असतं: माणूस गेला, पैसा बुडाला. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, ते शरीरातल्या बिघाडातून येतं आणि त्यावर शरीराचे उपचार करावे लागतात. जसा माणूस दुखण्याखुपण्यासाठी घरात औषधं ठेवतो, तसे बरे असताना चांगले विचार गोळा करून ठेवावेत, म्हणजे वाईट वेळी कामी येतात, असंही तो सांगतो. आज समुपदेशक जवळजवळ हेच शिकवतात. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाच्या मनाविषयीच्या भागाचं इंग्रजी भाषांतर २०१३मध्ये प्रसिद्ध केलं.

कारण असलेलं दुःख

बल्खीचे ते दोन प्रकार आपल्या पिढीला फार उपयोगी आहेत. नाव सांगितल्यावर फ्लॅट 'आत्ताच गेला' असं ऐकणं, मुलाखतीनंतर शंका येणं, टीव्ही लावला की छातीत धडधडणं, या दुःखाला कारण आहे. त्याला गोळी पुरत नाही. त्याला न्याय लागतो, संघटना लागते, मित्र लागतात. आपली चळवळ त्यासाठीच आहे. प्रत्येक उदास तरुणाला रुग्ण ठरवणं म्हणजे समाजाला मोकळं सोडणं.

पण उलटी चूकही आपल्याकडे होते. सगळा दोष परिस्थितीवर टाकून आपण उपचार टाळतो. परिस्थिती वाईट आहे म्हणून मोडलेल्या पायाला कोणी प्लास्टर नाकारत नाही. झोप, भूक, काम आणि माणसांची ओढ ही सगळी दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली असतील, तर कारण काहीही असो, डॉक्टरांकडे जायलाच हवं. मोर्चाला यायचं असेल तर आधी अंथरुणातून उठता आलं पाहिजे.

दवा आणि दुआ

६ ऑगस्ट २००१ ही तारीख आपण विसरता कामा नये. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांसाठी खासगी आश्रयस्थानं चालत. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. घरच्यांनी त्यांना बरं होण्याच्या आशेनेच तिथे आणलं होतं.

यावर दर्गे बंद करा असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्या आया-बहिणी आजही आधी तिथेच जातात, कारण तिथे कोणी हसत नाही आणि फी मागत नाही. मीही बड्या दर्ग्यात अम्मीसोबत बसलोय आणि तिथल्या शांततेने मला बरं वाटलंय. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात वेगळा रस्ता काढला गेला. तिथल्या मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली. मुजावर दुआ करतात आणि मग सांगतात, शेजारी डॉक्टर बसलेत, त्यांनाही भेटून या. उपक्रमाचं नावच 'दवा आणि दुआ' आहे. मुजावरांचा मान राहिला, रुग्णाला उपचार मिळाले. नाशिक आणि मालेगावात हे का होऊ नये?

मराठीत मनाच्या आजारांवर मोकळं बोलणं काही आजचं नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९०मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्किझोफ्रेनियावर 'देवराई' आणि डिप्रेशनवर 'कासव' केला, 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. पण या सगळ्या चर्चेत आपला मोहल्ला फार कमी दिसतो. आपण बोललो नाही तर दिसणारही नाही.

मी कसा जगतो

आता मी बरा झालो का? एडीएचडी बरा व्हायचा प्रश्न नाही, तो राहणार. डिप्रेशन मागच्या वर्षी तीन आठवडे पुन्हा आलं होतं. फरक इतकाच की या वेळी नवव्या दिवशी ओळखलं. पूर्वी ओळखायला चार महिने लागायचे. लोक ज्याला हिंमत म्हणतात, ती माझ्याकडे वेगळी अशी काही आली नाही. मी फक्त व्यवस्था लावून घेतली.

दोन माणसांना माझी धोक्याची चिन्हं लिहून दिली आहेत. मी सलग तीन दिवस फोन उचलला नाही, दाढी वाढली, विनोद बंद झाले, तर त्यांनी विचारायचं नाही, थेट घरी यायचं. गोळ्या वेळेवर, आणि बंद करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवणार. वीज, भाडं, विमा यांचे हप्ते खात्यातून आपोआप जातात, कारण तारीख मी विसरणारच. किल्ली एकाच खुंटीवर. नव्या मॅनेजरना सांगितलं की तोंडी सूचना माझ्या डोक्यात राहत नाहीत, दोन ओळी लिहून द्या. त्यांनी सहज मान्य केलं. मी उगाच वर्षभर घाबरत होतो. कंटाळवाणं काम करताना बायको शेजारी वह्या तपासत बसते. कोणी नुसतं शेजारी असलं तरी माझा हात चालतो. सकाळी गोल्फ क्लब मैदानाला फेऱ्या मारतो. आणि पाच अजान आहेत. ज्याला वेळ कळत नाही, त्याच्यासाठी दिवसाचे पाच तुकडे करून देणारी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. जमत नाही त्या दिवशी घरी पढतो, आणि त्यावरून स्वतःला झोडपत नाही.

रमजानबद्दल मुद्दाम सांगतो, कारण माझी पहिली घसरण तिथूनच सुरू झाली. बरं वाटत होतं, त्यात रोजे आले, गोळ्या सोडायला तेवढं निमित्त मिळालं. रोजे सुरू होण्याआधी, शाबानमध्येच डॉक्टरांना भेटा. बऱ्याच गोळ्या इफ्तार आणि सहरीच्या वेळेत बसवता येतात. काही बसत नाहीत. लिथियम घेणाऱ्यांच्या अंगात पाणी कमी पडलं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुरआननेच दिली आहे. ती साखरेच्या आजाऱ्याला लागू आणि मनाच्या आजाऱ्याला नाही, असा भेद कुठेही नाही.

आपला हक्क

बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे माझ्यासारखे उपचार मिळालेले नशीबवान पंधरात मोडतात. मित्र, पगार आणि शिकलेली बायको नसती तर मीही त्या ८५मध्ये असतो.

म्हणून हे पाठ करून ठेवा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जगायचं नाही असं वाटत असेल तर आत्ता, वाचणं थांबवून हा नंबर लावा आणि शेजारच्या माणसाला उठवा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. शारीरिक आजाराप्रमाणे मानसिक आजारालाही आरोग्य विमा द्यावा असं सांगितलं आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला आधार द्यावा, शिक्षा नव्हे, ही त्याच कायद्याची भूमिका आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. एडीएचडीचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही, तो व्हावा ही मागणी आपण करायला हवी.

मागण्या सरकारकडे आहेत तशा आपल्या माणसांकडेही आहेत. इमाम साहेबांना विनंती, वर्षातला एक खुतबा या विषयावर द्या. तुमच्या पाच मिनिटांनी जे होईल ते माझ्या दहा लेखांनी होणार नाही. आईवडिलांना विनंती, प्रगतिपुस्तकातले शेरे एकत्र ठेवून वाचा. रिश्ता जुळवणाऱ्यांना विनंती, आजार लपवायला सांगू नका. मी निकाहाआधी डिप्रेशनबद्दल सांगितलं होतं. तिच्या घरच्यांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले. लपवलं असतं तर त्या रात्री तिला उठवून सांगायची हिंमत झाली नसती.

त्या मुलाला एडीएचडी आहे की नाही, मला माहीत नाही. ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या मंगळवारी मी त्याच्यासोबत ओपीडीला जाणार आहे. मीच विसरू नये म्हणून त्यानेच माझ्या फोनमध्ये अलार्म लावून दिला आहे. काल त्याचा मेसेज आला, चारही विषयांचं अम्मीला सांगितलं. ती रडली, ओरडली, मग म्हणाली, जेवून घे.